अरुणच्या तीन डब्या

शनि. २६ एप्रिल
अरुणचा दहावा. पार्कमधल्या तळ्याकाठी पिंड ठेवला. पाऊण तास झाला. कावळे दोन, दोन्ही झाडावरच. गुरुजी पुण्याहून फोनवर : "काही इच्छा राहिली असेल, बोला." निनादने आईला सांभाळीन, घर विकणार नाही, सगळं कबूल केलं. कावळा हलेना. शेवटी मी हळूच म्हटलं, गॅरेजमधली टेस्ट मी पुरी करीन. लगेच शिवला.
निनाद : "आई, आर यू सीरियस?"

मंगळ. २९
तेरावा. अरुणचा नेमबाजीच्या रेंजवरचा मित्र डेल आला होता. श्रीखंड तीनदा घेतलं, मग रडला.
संध्याकाळी गॅरेजमधली अरुणची वही पाहिली. अरुणने स्वतः भरलेल्या काडतुसांच्या तीन डब्या. गोळी शिशाचीच. एकीवर रंगासारखा लेप (कोटेड), दुसरीवर तांब्याचा पातळ मुलामा (प्लेटेड), तिसरीला तांब्याचं जाड कवच (जॅकेटेड). नेम कुठलीचा चांगला? निकालाचा रकाना कोरा. खाली त्याचं अक्षर : "प्लेटेडच जिंकणार. कोटेड म्हणणारा डेल गाढव आहे."

शनि. ३ मे
रेंज. डेल : "मॅडम, दुसऱ्याने भरलेलं काडतूस उडवायचं नाही. रूल आहे." म्हटलं, एकतीस वर्षं अरुण माझी आमटी न विचारता जेवला. डेलने वही वाचली, प्रत्येक डबीतलं एकेक काडतूस उघडून तपासलं, मग ओके म्हणाला.
पहिली गोळी माझ्या कागदाला लागली नाही. डेल म्हणे, शेजारच्याच्या लागली, छान लागली.
आजचं मोजायचं नाही.

शनि. १०
बंदूक टेकवून, प्रत्येकी पाच. जॅकेटेडची छिद्रं बशीत मावतील. प्लेटेडला ताट लागेल. कोटेड : वाटी. धूर जास्त, पण वाटीच.
अरुण हरला. डेलने टोपी काढली. मग, "प्लेटेड लिहा. मी सही करतो."
बावीस वर्षं मी लॅबमध्ये काढली. आकडा कधी बदलला नाही. नको म्हटलं.

रवि. ११
सकाळपासून वही टेबलावर. अरुणच्या विरुद्ध निकाल लिहायचा, आणि तो उत्तर द्यायला नाही.
वादात हरायला आला की अरुण म्हणायचा, "सँपल लहान आहे." रकान्यात पेन्सिलने तेच लिहिलं. खोटं नाही. पाचच तर होत्या.
डेलला फोन केला. पुन्हा करावं लागेल, गोळ्या भरायला शिकवा.
"किती भरायच्या?"
माहीत नाही म्हटलं. बऱ्याच.