सतराव्या कार्डाची मागची बाजू

९ ऑगस्ट

धाकटे,

तुझी तब्येत बरी असेल. माझी बरी आहे, गुडघे सोडून.

हे पत्र कोशकचेरीमुळे लिहावं लागतंय, एरवी लिहिलं नसतं. आपल्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाची नवी आवृत्ती निघते आहे. तिथल्या नव्या संपादिकेचा परवा फोन आला. "ताई, 'सी' या शब्दाची नोंद तुमची ना? अख्ख्या कोशात तशी दुसरी नाही. प्रस्तावनेत तुमचं नाव घालतोय. फक्त सतराव्या अर्थाच्या उदाहरणाला आधार दिलेला नाही. कुठून घेतलं होतंत?"

मी म्हटलं, "कागद बघून सांगते."

आता कागद कुठे होते ते. पण क्रमाने सांगते, मला उलटसुलट लिहिता येत नाही.

तुला आठवत असेल, तेव्हाच्या मुख्य संपादकांनी, आपल्या साहेबांनी, तो शब्द आपल्या दोघींना दिला होता. केवढासा तो इंग्रजी शब्द, पण डोळ्यांनी दिसणं, समजणं, भेटणं, कुणाला पोचवायला जाणं, कुणाबरोबर फिरणं, काळजी वाहणं, सगळं त्याच्याच गळ्यात. मी चार जाडे ग्रंथ चाळून नऊ अर्थ काढले. तू तिसऱ्या आठवड्यात एकतीस कार्डं टेबलावर ठेवलीस. प्रत्येकाची शाई ठरलेली, कोणतं काम कुणाचं ते भांडणाशिवाय कळावं म्हणून. माझी हिरवी, तुझी जांभळी. त्या दिवशी टेबल नुसतं जांभळं झालं होतं.

साहेबांनी सतरावं कार्ड सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. "'तू परीक्षेला जा. बाबांचं मी बघते.' वा! हे पुस्तकात सापडत नाही, याला कान लागतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचंही नीटनेटकं आहे."

टायपिस्टबाई लगेच म्हणाल्या, "ताई अजून स्थळंच बघताहेत, धाकटी लग्न लावून मोकळी!" तूसुद्धा हसलीस.

नीटनेटकं. तो शब्द अजून घशात आहे. इंग्रजीत नापास झालीस तेव्हा तुला जेवणाच्या टेबलावर बसवून मी शिकवलं होतं. आई म्हणायची, धाकटीला सगळं कसं सहज येतं. सहज! वर्षभर रोज दोन तास कुणाचे गेले?

त्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत उघड्या राहिलेल्या खोक्यातून मी तुझी कार्डं पर्समध्ये घालून घरी नेली. फक्त बघायला. माझ्यात नाही असं तुझ्यात आहे तरी काय, एवढंच बघायला. सोमवारी परत ठेवणार होते. सोमवारी मी पोचेपर्यंत शोधाशोध सुरू झाली होती आणि तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. तुझा तसा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. मी गप्प बसले.

खोक्याची किल्ली तुझ्याकडे, म्हणून वहीत नोंद तुझ्या नावावर झाली: हरवली. साहेब म्हणाले, शिस्त म्हणजे शिस्त. जिन्यात तू माझा हात धरलास. "ताई, तू बोल ना गं त्यांच्याशी. कार्डं मी नाही हरवली."

मी म्हटलं, "मी बघते."

आणि काही केलं नाही. अकरा दिवसांत तुझी कार्डं हिरव्या शाईत उतरवून काढली. बहिणीचं बुडालेलं काम मी आठवून आठवून वाचवलं, असं साहेबांना वाटलं. "बहीण असावी तर अशी," म्हणाले. तुझी नोकरी गेली, तू पुढे शाळेत शिकवायला लागलीस. मी लोकांना सांगत राहिले की तिला शाळाच मानवते.

पण उतरवल्या त्या फक्त पुढच्या बाजू. आधार मागे लिहायचा असतो. "कार्ड उलटा, मग बोला," असं मी तिथे किती नवशिक्यांना झापलं असेल! स्वतः मात्र घाईत, चोरासारखी, एकही कार्ड उलटलं नाही. काल तेहेतीस वर्षांनी सतरावं उलटलं. तुझं अक्षर:

"आधार: ताई. बाबांच्या आजारपणात, माझ्या परीक्षेच्या सकाळी. तिच्याइतकं नेमकं कुणी बोलत नाही."

ज्या वाक्यावर मी इतकी वर्षं जळले ते माझं होतं. मी बोलून विसरले, तू ऐकून ठेवलंस. खरं सांगू? वाचल्यावर पहिल्यांदा परत हेवाच वाटला, की माझंच बोलणं मला का ऐकू आलं नाही. लाज त्यानंतर आली.

'माफ कर' असं लिहीत नाही. ते लिहिलं की पुढचं काम तुझ्यावर पडतं. मी संपादिकेला सगळं सांगितलं आहे. ती तुला फोन करेल. तो उचल. माझा उचलायची गरज नाही.

ताई
(अजून म्हणत असशील तर)

आज कोशकचेरीत सुपूर्द: 'सी' या शब्दाची कार्डं, नग एकतीस, सर्व जांभळ्या शाईत, दोन्ही बाजू तपासून. जुन्या वहीत 'हरवली' खोडून 'मी नेली होती' असं लिहून सही केली. पोच सोबत जोडली आहे. सतरावं स्वतःकडे ठेवावंसं वाटलं होतं. ठेवलेलं नाही.