उजव्या कडेने घासलेली माशी

अप्पा, सोमवारपासून मी तुमच्यावर चिडून आहे, आणि गेलेल्या माणसावर चिडण्याइतकं गैरसोयीचं दुसरं काही नसतं. भांडायला समोर कोणी नाही म्हणून मी कपाटं आवरते, घासलेली भांडी पुन्हा घासते, पोरीवर उगाच खेकसते. झालं असं की तुमचं जुनं पिस्तूल मी इथे लातूरला रेंजवर नेलं होतं. तेच, दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो ते. माझ्याकडे नेमबाजी शिकणाऱ्या पोरांना ते बघून हसू आलं. मला राग आला. मी ते वाळूच्या पिशवीवर टेकवलं, हाताचा दोष मध्ये येणार नाही असं नीट बसवलं आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही छिद्रं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. पोरं कागदाभोवती गोळा झाली. मीही वाकून बघत होते, पण वेगळ्या कारणाने. तो सगळा पुंजका मधल्या दहाच्या गोलापासून चांगला दोन बोटं उजवीकडे पडला होता.

घरी आणून भिंगातून पाहिलं. नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावरून नेम धरायचा, ती उजव्या कडेने घासलेली आहे. फार हलक्या हाताने, नंतर काळं लावून. नांदेडला आपल्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात तुमची कानस चालताना बघतच मी मोठी झाले, तो हात मी ओळखणार नाही का? माशीची उजवी कड घासली की गोळी उजवीकडे सरकते, हेही तुम्हीच शिकवलेलं. आणि माझी गोळी सदा डावीकडे जायची. घोडा ओढून ठेवला की या पिस्तुलाचा चाप इतका हलका होतो की नुसतं बोट टेकवायची खोटी, पण मला तेवढाही दम निघायचा नाही. ऐन वेळी मी झटका द्यायचे आणि नळी डावीकडे वळायची.

त्यासाठी तुम्ही काय काय केलंत ते मला आठवतं. स्वयंपाकघरात आईच्या पायात पायात करत मी उभी आहे, सरळ ताणलेल्या हातात पाण्याने भरलेला तांब्या, आणि तुम्ही दारातून म्हणताय, “वढायचं न्हाई बाई, दाबायचं. घाई कुणाची हाय तुला?” पाणी सांडलं की आई फडकं माझ्या अंगावर फेकते. कितीतरी महिने असं चाललं आणि मी काही सुधारले नाही. रेंजवरून येताना रडायचे, जेवायचे नाही. पोरीचं तोंड उतरलं की ह्यांचा हात कामावर चालत नाही, असं आई शेजारणीला सांगायची. मग एका रविवारी अचानक सगळ्या गोळ्या मधोमध लागल्या. मी टार्गेटचा कागद घेऊन धावत तुमच्याकडे आले. तुम्ही चिंधीने हात पुसत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, “हाव.” नुसता होकार. मला वाटलं, अप्पांना गहिवरून आलंय.

राज्याच्या निवडीला गेलो तेव्हा आदल्या दिवशी नेमकी या पिस्तुलाची स्प्रिंग तुटली. मी दुसऱ्या कुणाच्या पिस्तुलाने खेळले आणि सगळं डावीकडे गेलं. परतीच्या बसमध्ये तुम्ही मला डबा उघडून दिलात आणि म्हणालात, परकं हत्यार होतं, त्याचा काय भरवसा. तेव्हा तरी सांगायचं होतं, अप्पा. मी इतकी वर्षं धरून बसले की माझ्यात काही नव्हतं, जे होतं ते त्या पिस्तुलात होतं, आणि स्पर्धा सोडून दिल्या. माझा एक झटका होता. मोडला असता, वर्षभरात मोडला असता. तुम्ही मला सरळ करायचं सोडून पिस्तूल वाकडं केलंत. पिस्तूल बिचारं अजूनही सांगितलं तिथेच मारतं.

हे पत्र कुठे टाकणार आहे मी? कपाटात पिस्तुलाच्या पेटीखाली राहील. पण एक राहिलं. माझ्या पोरीची येत्या रविवारी नांदेडला निवड आहे. तिचीही गोळी डावीकडे जाते, झटक्यानेच. महिनाभर मी तिला ओरडतेय आणि ती जेवत नाहीये. तिच्या नव्या पिस्तुलाला कानस लागत नाही, मागच्या बाजूला एक स्क्रू असतो, तो फिरवला की गोळी उजवीकडे सरकते, झालं. काल ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी तो थोडासा फिरवला. संध्याकाळी ती कागद नाचवत आली, “आई, आज लई भारी लागलंय बघ.”

मी ओट्याशी हात पुसत होते. तिच्याकडे न बघता म्हणाले, हाव.