ईराची पद्धत चुकली नव्हती

प्रिय सुदेश,

समोर असताना बोलत नाही आणि आता पत्र लिहायला बसलीये, याचं तुला हसू येईल. येऊ दे. रुवैसच्या क्वार्टरवर माझं पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगते, ईरा बरी आहे, मीही बरी आहे.

बारावीला त्यांच्या शाळेत तो मोठा संशोधन-निबंध असतो ना, तिथून हे सुरू झालं. ईराचा पहिला प्रश्न होता, परदेशातली मराठी मुलं इंग्रजीतच का बोलतात? तिच्या अफशा मॅडमनी तो परत पाठवला. कुठली मुलं, कुठल्या गावातली, कुणाशी बोलताना, आणि तुला हे कळणार कसं? मला बाईंचं कौतुकच वाटलं. आपल्या वेळी निबंध म्हणजे गाइडमधून उतरवायचा. मग ईरा प्रश्न छाटत बसली. परदेशाचं अमिरातीतलं हे अल ऐन शहर झालं, अल ऐनचं आपलं घर झालं, घराचं जेवणाचं टेबल. जेवताना आम्ही तिघं मराठीवरून इंग्रजीवर नेमके कधी जातो? पद्धत साधी. तू घरी असशील त्या शनिवार-रविवारी फोनवर रेकॉर्डिंग करायचं, मग कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोललं ते मांडायचं. परवानगी आपण दोघांनी हसत दिली. अर्थात वेगवेगळी, तिनं एकेकट्याला विचारल्यावर.

गेल्या आठवड्यात ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. ‘आई, आय थिंक माय मेथड इज राँग.’ म्हणे सगळं पुन्हा पुन्हा ऐकलं, पण तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेलं एकही वाक्य सापडत नाही, फोन लांब राहिला असणार. मी कणीक मळत होते, मळतच राहिले. फोन लांब नव्हता रे. मी म्हणते, ‘ईरा, बाबांना विचार, आमटी वाढू का.’ तू म्हणतोस, ‘आईला सांग, सोमवारी पहाटेच निघतोय.’ आणि ती पोर दोन्हीकडचं इंग्रजीत पोचवत बसते.

आपण भांडलो असतो तर बरं झालं असतं. तू लांब रुवैसच्या रिफायनरीत नोकरी घेतलीस, मी इथलं हॉस्पिटल सोडून तिकडे यायला नाही म्हटलं. आवाज चढला नाही, कुणी रुसलं नाही, बोलणं नुसतं आटत गेलं. घर चाललंय ना, मग झालं, असं आपण धरून चाललो. मला राग येतो सुदेश, तुझा आणि तितकाच माझा.

मॅडम तिला म्हणाल्या, पद्धत बरोबर आहे, हाती वेगळंच लागत असेल तर प्रश्न बदल. ईरानं विषयच बदलला. आता ती इथल्या खजुराच्या बागांना पाटाचं पाणी पाळीपाळीनं कसं मिळतं, त्यावर लिहितेय. ‘इट्स सेफर, आई,’ म्हणाली. मॅडमना खरं कारण तिनं सांगितलं नाही. आपली लाज राखली लेकीनं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्पच बसले असते, सवय आहेच. पण काल कळलं, तिनं एडिनबरा युनिव्हर्सिटीचा अर्ज भरलाच नाही. कधीपासूनचा तिचा हट्ट, आणि भरलाय फक्त अल ऐनचा. मी ओरडले, डोकं फिरलंय का तुझं म्हणाले. तर शांतपणे म्हणाली, ‘मी गेले तर तुम्ही दोघं बोलणार कसे?’ चक्क मराठीत म्हणाली. अर्जाची मुदत अजून गेलेली नाही, म्हणून हे पत्र. शुक्रवारी आलास की दारातून तिला हाक मारू नकोस. जेवायला काय आहे, ते मला विचार. मी उत्तर देईन. नाहीतर भांड हवं तर, पण माझ्याशी भांड.

अजूनही तुझीच,
मुग्धा