तो बोर्ड आणि ते बोर्ड

ती. दाजींना,

साष्टांग नमस्कार. तुमचा दवाखाना जोरात चालो असं म्हणायला जीभ धजत नाही, कारण तो चालला म्हणजे कोणीतरी आजारी पडलं. तेव्हा तुमची कंबर बरी असो आणि ताईचा राग निवळलेला असो, एवढंच म्हणतो. (राग कशाचा हे विचारत नाही. चूक तुमचीच असणार.)

इकडे मात्र खुशाली नाही. नळाला गटाराचा वास येतोय आणि अख्खी गल्ली पोट धरून बसली आहे. तुमच्या सासूबाईंनी, म्हणजे आईने, जन्मभर हेच पाणी प्यायले असं म्हणत उकळलेलं पाणी नाकारलं आणि अंथरूण धरलं. आता ती बोलतही नाही. दाजी, तुम्हाला ठाऊक आहे आई गप्प बसणाऱ्यांतली नाही, म्हणून मला भीती वाटली आणि मी नगरपालिका गाठली. तिथला कारकून (स्वभावाने गोगलगाय, चालीनेही) म्हणाला की पाण्याच्या तक्रारी आता आरोग्य बोर्डाकडे, प्रत्येक लहान नगरपालिकेने आपलं बोर्ड स्थापावं असा वरून हुकूम आलाय. बोर्ड कुठे बसतं, असं विचारल्यावर त्याने जिन्याकडे बोट दाखवलं. तिथे खरोखरच बोर्ड बसवला होता! पत्र्याचा, निळा, ‘आरोग्य बोर्ड’ अशी ठळक अक्षरं आणि शेजारी गुबगुबीत गालांचं बाळ. नगराध्यक्षांनी फीत कापली आणि हुकूम पाळल्याचं वर कळवूनही टाकलं, म्हणे.

मी तडक त्यांच्या खोलीत शिरलो आणि सांगितलं की हुकमातलं ते बोर्ड म्हणजे माणसांचं मंडळ, तो बोर्ड नव्हे. त्यांनी व्याकरणाबद्दल आभार मानले आणि तिथल्या तिथे मंडळ नेमलं. एक सदस्य त्यांचा मेहुणा. (टँकरवाला. नळ बिघडले की याची तब्येत सुधारते.) दुसरा डॉक्टर असावा असा नियम आणि गावात खरा डॉक्टर नाही, म्हणून घड्याळं दुरुस्त करणारा घेतला, कारण त्याला सगळे ‘घड्याळांचा डॉक्टर’ म्हणतात. लगेच बैठक भरली. बाळाचे गाल निरोगी की सुजलेले यावर बराच खल झाला. डॉक्टरांनी सूज असल्याचं निदान केलं आणि गाल पुन्हा रंगवायचा ठराव झाला. आमच्या गल्लीत नळ आणि गटार शेजारून गेलेत, जरा खणून बघा, असं मी म्हणालो, तर त्यावर अभ्यास करायचं ठरलं. बोलून बोलून घसा सुकला म्हणून मी टेबलावरच्या तांब्याला हात घातला, तेवढ्यात नगराध्यक्षांनी माझं मनगट धरलं.

“ते नको. ते नळाचं आहे.”

आणि आपली बाटली पुढे सरकवली. असा संताप आला, दाजी, की बाटली तशीच ठेवून उठलो. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय आणि पोट आमचं दुखतंय. असल्या मंडळाच्या सावलीलाही मी उभा राहणार नाही, हे लिहून देतो.

आपला मेहुणा
(टँकर नसलेला)

ता. क. पत्र पाकिटात घालतोय तोच कारकून येऊन गेला. ‘तो’ आणि ‘ते’ यांतला फरक गावात मला एकट्यालाच कळतो, म्हणून मंडळाचं अध्यक्षपद मला दिलंय. केवळ आईसाठी घेतलं. (बोर्डावर नाव पिवळ्या रंगात येणार, तो भाग वेगळा.) डॉक्टर सदस्य म्हणून घड्याळवाल्याच्या जागी तुमचं नाव देऊन टाकलंय. यायची तसदी नको, नुसती सही पाठवा.

पुन्हा ता. क. हे सगळं आईला वाचून दाखवलं, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “अध्यक्ष मुलगा, डॉक्टर जावई. मग माझंही नाव घाला की. पाणी तर मीच प्यायले.” तेव्हा सही राहू द्या, दाजी. औषधं घ्या आणि पत्र मिळताच निघा.