थाप ओळखली की हात वर

तीर्थरूप अण्णा,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र सोमवारी मिळालं.

सध्या वर्गात थापांच्या गोष्टी शिकवतेय. आधी पडदे ओढून मुलांना अशाच थापांचा एक सिनेमा दाखवला, मग प्रत्येकाने आपापली थाप सांगायची. नियम एकच: थाप ओळखली की ऐकणाऱ्यांनी हात वर करायचा. मी तुमचीच सांगितली. तुम्ही सायकल इतकी जोरात हाणलीत की सावली मागे राहिली आणि दिवेलागणीला एकटीच घरी आली! मुलं हसून हसून गडबडा लोळली.

मग गंमत म्हणून तुमचं पत्र वाचायला घेतलं. ‘तब्येत ठणठणीत आहे, रोज टेकडी चढून येतो,’ एवढं वाचलं आणि सगळ्या वर्गाचे हात वर. मीही हसले, पण पुढे वाचवेना.

अण्णा, पत्र आईच्या अक्षरात का आहे? सहीसुद्धा तिनेच केलीय. तुमच्या उजव्या हाताला काय झालंय? आईला विचारून उपयोग नाही, ती तुमचीच री ओढणार.

उलटटपाली स्वतः लिहा. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल.

मी इथे अगदी मजेत आहे, झोपही शांत लागते. आता तुम्ही हात वर करा, अण्णा. उजवाच.

तुमची,
धाकटी