फ्रिजवरचा माझा रकाना

नोव्हाय, मिशिगन
१० नोव्हेंबर २०२५

चि. लतिकास,

अनेक आशीर्वाद. चौसष्ट वर्षांच्या बाईला चिरंजीव लिहिणं हास्यास्पद आहे, पण तू माझी धाकटी बहीण आहेस, आणि या एकाच बाबतीत आपलं कधी दुमत झालेलं नाही.

मी ठीक आहे. तुझ्या गुडघ्याचं खालच्या मजल्यावरच्या दीपाकडून कळलं. जिना जपून उतर. गेल्या दोन वर्षांत आपण एकमेकींना दिवाळीला फोनवर पणतीची चित्रं पाठवली, त्याला पत्रव्यवहार म्हणत नाहीत. आज कागद घेतला, कारण फोनवर वाचल्याच्या निळ्या खुणा उमटतात. तू वाचून गप्प बसलीस, हे मला बसून बघायचं नाही.

इथे गेल्या आठवड्यात बर्फ भुरभुरला. परीक्षित, नीना आणि ऋता सकाळी साडेसातला बाहेर पडतात. गराजचं दार वर जातं, खाली येतं. मग साडेतीनला ऋता शाळेतून येईपर्यंत घरात जो आवाज होतो तो माझाच. नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी सगळ्या विदर्भाची बोलणी जोडून द्यायचे. आता भांडी धुण्याच्या मशीनशी बोलते, तेही इंग्रजीत, कारण ते इथलं आहे.

सून म्हणून नीनाबद्दल तक्रार नाही. असती तर तुला आधीच कळली असती. पण सप्टेंबरात तिने एक पांढरा फळा आणून फ्रिजच्या दारावर लावला. चार रकाने, प्रत्येकाचं नाव, खाली त्याची ध्येयं. म्हणे, ध्येय डोळ्यांसमोर असलं की माणूस ते विसरत नाही. परीक्षितने पाच किलोमीटर पळायचं. नीनाने साखर सोडायची. ऋताने पोहताना वीस फेऱ्या मारायच्या. आणि माझ्या रकान्यात नीनाने मला न विचारता लिहिलं: रोज वीस मिनिटं चालणे, आठ ग्लास पाणी, नवी मैत्रीण: एक.

नवी मैत्रीण: एक. जशी अंडी: एक डझन.

त्याच ध्येयांच्या चिठ्ठ्या तिने माझ्या बाथरूमच्या आरशावरही चिकटवल्या होत्या. माझं तोंड बघायला जागा उरली नव्हती. मी म्हटलं, "नीना, माझी ध्येयं मी स्वतः लिहीन. मला लिहिता येतं."

ती खूश झाली. "ऑफ कोर्स, आई. फक्त मोजता येईल असं लिहा. आणि तारीख टाका."

मी ओल्या फडक्याने तिचं सगळं पुसलं आणि मराठीत एकच ओळ लिहिली: डिसेंबरच्या मध्यापर्यंत नागपूरला परत जाणे. मोजता येतं, तारीख आहे. आपल्या शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टांनीसुद्धा पैकीच्या पैकी दिले असते.

लिहिताना वाटलं, संध्याकाळपर्यंत घरात वादळ होईल. काही झालं नाही. नीना मल्याळी, वाढली न्यू जर्सीत; तिला आपली लिपी म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे. ऋताला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. राहिला परीक्षित. त्याला वाचता येतं, मीच शिकवलंय. तो रोज सकाळी त्या फ्रिजमधून दूध काढायचा, दार लावायचा आणि निघून जायचा.

दर रविवारी नाश्ता झाला की आढावा असतो. ज्याचं जमलं त्याला नीना हिरवी चांदणी चिकटवते. पहिल्याच रविवारी तिने विचारलं, "आई, ऑन ट्रॅक?" माझ्या तोंडून 'येस' निघून गेलं. तिला वाटलं, चालण्याचंच काहीतरी असेल. चांदणी मिळाली. मग दर आठवड्याला मिळत गेली. सात रविवार, लतिका. नागपूरला परत जाण्याबद्दल मला सात चांदण्या मिळाल्या, आणि मी जेवणघरातून हलले नव्हते.

परवा शनिवारी परीक्षित मला भाजी आणायला इंडियन स्टोअरमध्ये घेऊन निघाला. आम्ही दोघंच होतो. गाडी चालवता चालवता, समोर बघत म्हणाला, "आई, बोर्डवरचं मी पहिल्याच दिवशी वाचलं."

"मग?"

"मग काय. वाटलं, तू बोलशील."

"मी बोललेच की. लिहून, सगळ्यांसमोर, दीड महिना."

"मी विचारलं असतं तर तू हो, जायचंय म्हणाली असतीस, आई. म्हणून नाही विचारलं."

मी ते मान्य केलं. ही घटना तू कॅलेंडरवर नोंदवून ठेव. मग तो म्हणाला, "तिकीट बघू का?"

थांब म्हणाला नाही. मी वाट बघत होते, खोटं कशाला सांगू. एकदा तरी म्हणेल की नको जाऊस. तो गाडी चालवत राहिला. दुकान मागे गेलं तरी त्याला कळलं नाही. वळून आला, पुन्हा पुढे गेला. तिसऱ्यांदा मीच हात करून दाखवलं.

तू म्हणाली होतीस ना, माझी अमेरिकेची कागदपत्रं आली त्या दिवशी, ओट्यापाशी उभी राहून: "ताई, परीक्षितला तुझी गरज नाही. तुला त्याची आहे." तू पूर्ण बरोबर नव्हतीस. पण बरीच बरोबर होतीस.

आणि मी काय म्हणाले ते मी दोन वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. नीना विचारते, मावशी फोन का करत नाहीत, तर मी म्हणते, तिला ऐकायला कमी येतं. तुझे कान माझ्याहून चांगले आहेत. मी म्हणाले होते, "तुला कुणी बोलावणारं नाही, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय." जिने आईचं अकरा वर्षं सगळं केलं, मी अमरावतीला बदलीवर असताना, तिला. तू गॅस बंद करून तुझ्या खोलीत गेलीस. सकाळी मला विमानतळावर सोडायला आलीस, माझी बॅगही उचललीस, आणि एक शब्द बोलली नाहीस. त्या विमानात मी स्वतःला सांगत राहिले की तू मानी आहेस. मानी तू नव्हतीस.

मी चुकले. हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले.

आता खरी भानगड. तिकीट बघण्याआधी परीक्षितने विचारलं, "मावशीशी बोललीस ना?" मी म्हटलं, "तिने केव्हाच ये म्हणून सांगितलंय." काल त्याने बारा डिसेंबरचं तिकीट काढलं. एका बाजूचं. नीना रडली, याचं मला आश्चर्य वाटलं आणि बरंही वाटलं. ऋता म्हणाली, "बट व्हू विल बी होम व्हेन आय गेट बॅक?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तर मी तुझ्या वतीने खोटं बोलले आहे. कागदोपत्री अर्धा फ्लॅट माझा आहे, हा मुद्दा मी काढणार नाही. काढला, बघ. सवय. पण मला त्या कागदाच्या जोरावर यायचं नाही. तू ये म्हणालीस तरच यायचं आहे. नको म्हणालीस तर मी परीक्षितला खरं सांगेन आणि इथेच राहीन. इथे वाईट काही नाही. गरम पाणी चोवीस तास असतं. माणसंही असतात, संध्याकाळी सहानंतर.

उत्तर पत्राने पाठवू नकोस, तेवढे दिवस नाहीत. फोन कर. तुझे संध्याकाळचे सहा वाजले की इथे सगळे निघून गेलेले असतात. मी पहिल्या घंटेला उचलेन.

खाली 'तुझी ताई' लिहिणार होते. ते तू ठरव. तोपर्यंत नुसती,

शुभा