सगुणेला न सांगितलेली गाठ

माघ शु. ५
दप्तरातून पायी परत आलो. चालताना ओढ लागते. उजवे अंड तीन वर्षांपूर्वी सुपारीएवढे सुजले होते, आता पेरूएवढे. दुखत नाही, त्याचेच भय वाटते. पोथीत कुठल्या पापाला कुठला रोग सांगितला आहे ते आठवत बसतो.
सगुणा वाईला माहेरी जाऊन दीड वर्ष झाले. दप्तरात काम फार आहे, असे कळवत राहिलो. माझी बायको, आणि तिच्यासमोर धोतर बदलायची लाज.

माघ शु. ८
शाईचे बोट बाराबंदीला पुसले. रागावणारे कोणी नाही. तिने लावलेली अबोली वाळली. पाणी घालायचे राहून जाते.

माघ शु. ११
शेजारी बसणारे दिनकरपंत कारकून हळूच म्हणाले, "तिरके का बसता, ते मला कळतं. आमच्या मामांनाही होतं. वीस वर्षं वागवलं."
"मग?"
"मग आंब्यावरून पडून गेले. त्याचा याच्याशी संबंध नाही. वैद्याकडे जा."

माघ व. २
गेलो. म्हातारे वैद्य, कसब्यातले. दार लावून तपासले. खोकायला लावले, अंगठ्याने दाबून पाहिले.
"किती दिवस?"
"तीन वर्षं."
"लवकर आलात."
मग हात धुऊन म्हणाले, "पाणी साठलंय. पखालीसारखं हलतं. आतडं उतरलेलं नाही, मांसाची गाठही लागत नाही. यानं तुम्ही मरत नाही."
पाप वगैरे विचारले. "पाप माझ्या हाताला लागत नाही, पाणी लागतं." सुईने काढता येते, पण पुन्हा भरते, जखम चिघळायचीही भीती. तूर्त लंगोट नीट बांधायचा. टणक झाले, दुखू लागले, तर त्याच दिवशी यायचे.
शेवटी मुलाबाळांचे विचारले.
"यामुळे अडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. बायको वाईला ठेवलीत तर मात्र अडेल."

माघ व. ६
सगुणेला सगळे लिहिले. बाळबोध अक्षरात, मीच तिला शिकवलेल्या. चार मसुदे फाडले. वाईला निघालेल्या कासाराबरोबर लखोटा धाडला. आता परत मागवता येत नाही.

फाल्गुन शु. ४
उत्तर आले. तिच्याच हातचे, अक्षर अजून तसेच मोठे. उतरून ठेवतो:
"गाठ मला ठाऊक होती. आपले लंगोट मी रुंद शिवू लागले, ते आपल्या ध्यानात आले नाही. वाटले, आज बोलाल, उद्या बोलाल. आपण मला इकडे धाडलेत. दीड वर्ष मी माझ्यातच खोट शोधते आहे. न्यायला माणूस धाडू नये."
पुढे काही नाही. खाली सहीसुद्धा नाही.
माणूस धाडू नये. म्हणजे यायचेच नाही, की मी स्वतः…
दहा वेळा वाचले.

फाल्गुन शु. ५
आठ दिवसांची रजा मिळाली. दिनकरपंतांनी कारण विचारले नाही.

फाल्गुन शु. ६
कात्रजचा घाट चढून टेकलो आहे. सोबतच्या गाडीचे बैल पाणी पितात. लंगोट घट्ट आहे, ओढ कमी. तिच्या दारात पहिले वाक्य काय बोलावे, ते अजून सुचलेले नाही. ती दारात येईल, हे तरी कुठे ठरले आहे. गाडीवान हाक मारतो आहे.